एकोणतीस अंशांची दुपार

लार्सनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला आणि म्हणाला, "वाचा आणि खाली सही करा."

साइट ऑफिस म्हणजे एक लोखंडी कंटेनर. आत एसी घरघरत होता, बाहेर मराठवाड्यातल्या भूमचा मे महिना. रिपोर्ट दोन पानांचा होता. पहिल्या पानावर मोजमापं, दुसऱ्यावर निष्कर्ष. विजेच्या लाइनीची तार ओढणारी गँग निष्काळजी आहे, शिस्तीच्या कामाची तिला सवय नाही, तेव्हा सोमवारपासून तिला कामावरून काढून बाहेरच्या राज्यातून दुसरी गँग आणावी, असं त्यात म्हटलं होतं. त्याखाली माझं नाव टाइप करून ठेवलं होतं.

गँग बळीराम मुकादमाची. तो सास्तूरचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्या हाताखाली बावीस माणसं, बहुतेक त्याच्याच भागातली. आमच्या धंद्यात 'पुअर वर्कमनशिप' असा शेरा एकदा कागदावर आला की गँग संपली. पुढचा कॉन्ट्रॅक्टर आधी जुना रिपोर्ट मागतो. बळीरामाकडं डिग्री नाही, सर्टिफिकेट नाही. पंचवीस वर्षं खांबावर चढून कमावलेलं नाव, तेवढंच आहे. ते माझ्या सहीनं जाणार होतं.

त्या दिवशी शुक्रवार होता. मी सोमवार सकाळपर्यंत वेळ मागितला. लार्स म्हणाला, घ्या, पण फरक पडणार नाही.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी वीज खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. गाव तेर, याच जिल्ह्यातलं, पण नोकरी सगळी पुण्या-नाशिककडं झाली. भूमजवळच्या माळावर एक सोलर प्लांट उभा राहत होता आणि तिथली वीज सबस्टेशनपर्यंत नेणाऱ्या लाइनीवर देखरेख करायला मला बोलावलं होतं. लार्स हा परदेशी गुंतवणूकदारांनी नेमलेला इंजिनिअर. नॉर्वेच्या अगदी उत्तरेचा. त्याच्या गावात हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही आणि उन्हाळ्यात मावळत नाही. माणूस सरळ होता, कामाचा होता, मला मनापासून आवडायचा. फक्त त्याच्याकडं एक सिद्धांत होता.

तो सिद्धांत त्यानं मला फेब्रुवारीतच ऐकवला होता. तो म्हणाला होता, आमच्याकडं उन्हाळ्यात ज्यानं लाकडं फोडून रचली नाहीत तो हिवाळ्यात मेला. त्यामुळं वेळ पाळणं, उद्याचा विचार करणं आमच्या रक्तात उतरलं. तुमच्याकडं वर्षभर ऊन. उद्याही असंच असणार. मग घाई कशाला? विषुववृत्ताच्या जितकं जवळ जावं, तितकी माणसं सैल होत जातात.

मी त्याला विरोध केला नाही. आता सांगायला लाज वाटते, पण मला ते थोडं पटलंही होतं. पुण्याच्या ऑफिसात मी स्वतः कितीदा म्हटलं होतं, की आमच्या मराठवाड्याचं असंच, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. लोक हसायचे. आपल्याच मुलखाची टिंगल करून मिळवलेलं हसू होतं ते, पण मिळत होतं.

बळीरामाच्या गँगची पद्धत अशी होती. पहाटे साडेपाचला कामावर. तार ओढायची ती सकाळीच. अकराला काम बंद. जेवून सगळे लिंबाखाली आडवे. चारला उठून दिवस मावळेपर्यंत खांबावरची किरकोळ कामं. लार्सनं एका दुपारी लिंबाखालच्या झोपलेल्या माणसांचा फोटो काढला आणि मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवला. झालं, एप्रिलपासून ऑर्डर निघाली. कामाची वेळ नऊ ते पाच.

ही ऑर्डर बळीरामाला सांगायला मीच गेलो होतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, उन्हाशी कुस्ती खेळू न्हाय. त्याला बगल द्यावी. पर तुमी म्हणताव तर नवाला येतो."

आणि ते आले. दुपारच्या उन्हात पाच आठवडे खपले. दोघांना चक्कर आली, दवाखान्यात नेऊन आणलं, पण कुणी काम सोडून गेलं नाही.

आता तांत्रिक भाग सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दोन खांबांमधल्या अंतराला आम्ही गाळा म्हणतो. गाळ्यात तार कधी ताठ नसते, मधे थोडी खाली लोंबते. कपडे वाळत घालायची दोरी लोंबते तशी. त्या लोंबण्याला म्हणतात सॅग. उन्हानं तार तापून लांब होते, सॅग वाढतो. थंडीत तार आखडते, सॅग कमी होतो. म्हणून तार बांधताना त्या वेळचं तापमान बघायचं आणि एका तक्त्यात त्या तापमानाला जेवढा सॅग दिलाय, तेवढाच ठेवायचा. भर उन्हात तार तंग बांधली, तर त्या दिवशी छान दिसेल. पण डिसेंबरच्या थंडीत ती आखडून खांब ओढील, नाहीतर तुटेल. खालून माणसं जातात, जनावरं जातात. हा चेष्टेचा विषय नाही.

लाइन चालू करण्याआधीची तपासणी लार्सनं स्वतः केली. फेब्रुवारी-मार्चमध्ये बांधलेले गाळे अगदी बरोबर निघाले. नऊ ते पाच सुरू झाल्यानंतरचे सगळे गाळे मात्र तंग. सॅग वीतभर कमी. लार्सचा निष्कर्ष तयारच होता. वेळ पाळायला लावली म्हणून या लोकांनी रागानं, नाहीतर कंटाळून, कसंतरी काम उरकलं.

शनिवारी सकाळी मी गँगचं रजिस्टर घेऊन बसलो. त्यात रोजचा गाळा नंबर, वेळ, तापमान आणि सॅग लिहिलेला असायचा. अक्षर बळीरामाचं, सुवाच्य. मी तापमानाचा रकाना वाचत गेलो. दुपारी दोन, एकोणतीस अंश. दुपारी अडीच, अठ्ठावीस. दुपारी एक, एकोणतीस.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. भूममध्ये मे महिन्यात दुपारी दोनला एकोणतीस? तेवढं तर आमच्या कंटेनरमध्ये एसी लावूनही होत नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. लार्सशी भांडायची तयारी करून बसलेलो मी, आणि इथं आपल्याच माणसांनी आकडे ठोकून दिलेले. आपलेच दात, आपलेच ओठ. सावलीत बसून रजिस्टर भरलं असणार, दुसरं काय? मग लार्सचं चुकलं कुठं?

तसाच गाडीत बसलो आणि लाइनीचं काम चालू होतं तिथं गेलो. बळीराम तारेचा ड्रम फिरवणाऱ्या माणसांजवळ उभा होता. मी चारचौघांत त्याला विचारलं, "मुकादम, हे आकडे मनानं लिहिता का?"

तसं चारचौघांत विचारायला नको होतं. त्याचा चेहरा पडला. डोक्याचा टॉवेल काढून त्यानं हातात घेतला.

"म्या खोटं लिवत न्हाय साहेब," तो म्हणाला. "टायमाला जाऊन बघतो. जे दिसतं ते लिवतो. चला, दावतो."

तो पुढं, मी मागं. लिंबाखाली गँगचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको शांताबाई तिथं सगळ्यांचं जेवण-पाणी बघायची. झाडाच्या बुंध्याशी वाळूत दोन घागरी पुरलेल्या, त्यांच्याभोवती ओलं गोणपाट. बळीरामानं गोणपाटाची घडी उलगडली. आत स्टीलचा गडवा. गडव्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला, तान्हं लेकरू ठेवावं तसा, आमचा थर्मामीटर.

पारा एकोणतीसवर होता.

मी गडवा उचलून पारा पुन्हा वाचला. शांताबाईंना वाटलं, काहीतरी कमी पडलं. त्या लगबगीनं सांगायला लागल्या.

"पयलं एक खाली पडून फुटलं. मग तुमीच दुसरं दिलाव आन म्हणलाव, परदेशी वस्तू हाय, जपून ठिवा. उन्हात काच तडकल का न्हाय? म्हणून रोज धाच्या सुमाराला पोतं भिजवते आन त्यात ठिवते. सांजपतुर गार ऱ्हातंय बगा."

मी म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत म्हटलं होतं. कुठं टांगायचा, हे मात्र सांगितलं नव्हतं, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. खरं तर तारेचाच एक तुकडा घेऊन त्यात थर्मामीटर बसवायचा आणि तो खांबावर, तारेच्या उंचीवर, उन्हात टांगायचा असतो. म्हणजे तार जेवढी तापलीय तेवढाच आकडा मिळतो. यांनी तो जपला. आणि आमच्या मुलखात वस्तू जपायची म्हणजे काय करायची? सावलीला ठेवायची आणि ओलं फडकं गुंडाळायचं. पाणी, दूध, भाजी, पानाची चंची, सगळं तसंच जपतात. माझी आई तेरला तसंच करायची.

मी तिथंच वाळूत बसकण मारली. शांताबाईंनी मला ऊन लागलं असं समजून पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तो गटागटा प्यालो. खोटेपणा नव्हता. एवढं एक कळलं.

मग सगळं उलगडत गेलं. जुन्या वेळेत तार सकाळी लवकर बांधली जायची. तेव्हा पोतं कोरडंच असायचं, तारही गार, हवाही गार, त्यामुळं आकडा बरोबर यायचा. दहाला पोतं भिजायचं आणि अकराला काम बंद व्हायचं. त्यांच्या पद्धतीनं काम चाललं असतं, तर ही चूक कधी झालीच नसती. नऊ ते पाच आम्ही आणलं, तार बांधायची वेळ दुपारवर गेली आणि ओल्या पोत्यातला आकडा तापलेल्या तारेला लागला.

मी बळीरामाला विचारलं, की एवढ्या उन्हात एकोणतीस कसं, अशी शंका नाही आली?

"आली की. पर उन्हाला आकड्यानं कवा मोजलंय आमी? म्हणलं, तुमच्या कागदात असंच धरत असत्याल."

मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तो नुसता व्हय म्हणाला आणि टॉवेल पुन्हा डोक्याला गुंडाळून ड्रमकडं गेला. माफ केलं की नाही, ते काही मला कळलं नाही.

रविवारी लार्सला साइटवर नेलं. काही समजावून सांगितलं नाही. त्याचा थर्मामीटर तारेच्या तुकड्यात बसवून खांबावर टांगला, बळीरामाचा पोत्यात ठेवला. दुपारी दोनला दोन्ही बघितले. पोत्यात एकोणतीस. खांबावर त्रेपन्न.

लार्सनं दोन्ही थर्मामीटर हातात घेऊन पुन्हा बघितले. मग गाडीच्या बॉनेटवर तक्ता पसरून हिशेब करायला लागला. एकेका गाळ्याचा, रजिस्टर बघून. मी बाजूला उभा. हिशेब जुळला नाही तर पोत्याची गोष्ट सांगून काही उपयोग नव्हता. एक गाळा जुळला, दुसरा जुळला. पुढचे सगळे जुळले. रजिस्टरात लिहिलेल्या अंशांना जेवढा सॅग हवा, तेवढाच प्रत्येक गाळ्यात होता. बोटभरही इकडंतिकडं नाही.

"निष्काळजी माणसांची चूक सगळीकडं सारखी नसते," मी म्हणालो. "ही सारखी आहे. यांनी तुमचा तक्ता तंतोतंत पाळलाय."

लार्सनं पेन खिशात घातलं. "माझ्या सूचनांमध्ये फक्त 'तापमान नोंदवा' असं लिहिलंय," तो म्हणाला. "कुठं, ते मीही लिहिलं नाही."

मग त्यानं पोत्याकडं बघितलं आणि तो हसायलाच लागला. त्यानं सांगितलं, त्याचे आजोबा कडाक्याच्या थंडीत ट्रॅक्टरची बॅटरी काढून स्वयंपाकघरात आणायचे आणि शेगडीजवळ ठेवायचे. आजी रोज भांडायची. आजोबा म्हणायचे, बाहेर ठेवली तर मरेल ती. मी हे शांताबाईंना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, शहाणा माणूस होता.

संध्याकाळी त्यानं माझ्यासमोर रिपोर्टचं दुसरं पान डिलीट केलं. वेळा जुन्याच लागू झाल्या, पहाटे साडेपाच ते अकरा. तंग गाळे सैल करायला आठ दिवसांच्या सकाळी लागल्या. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं, लाइन अजून चालू व्हायची होती. लार्स रोज पहाटे हजर असायचा आणि दुपारी सगळ्यांबरोबर लिंबाखाली आडवा व्हायचा. सगळ्यात आधी झोप त्यालाच लागायची. रात्रभर सूर्य असणाऱ्या गावचा माणूस, लख्ख उजेडात झोपायची सवय त्याला आमच्यापेक्षा जास्त.

त्याचा सिद्धांत काही सुटला नाही. हवामान माणूस घडवतं यावर तो ठाम आहे, आणि खरं सांगायचं तर मीही. फक्त कसं घडवतं, ते कंटेनरच्या खिडकीतून कळत नाही. दुपारी झोपणारा माणूस आळशी की पहाटे चारला उठलेला, हे बघायला पहाटे चारला उठावं लागतं. मी ते एकदाही केलं नव्हतं. मी तर इथलाच.

डिसेंबरात थंडीची लाट आली, तेव्हा मुद्दाम पहाटेच्या एसटीनं भूमला गेलो. बळीराम आधीच माळावर पोचला होता. आम्ही दोघं लाइनीखालून चालत गेलो. खांब सरळ, तारा जिथल्या तिथं. शेवटच्या खांबाशी त्यानं खिशातून लॅमिनेट केलेला कागद काढला. लार्सचं सर्टिफिकेट. इंग्रजीत होतं, तेव्हा मीच वाचून मराठीत सांगितलं, की ही गँग सूचना अचूक पाळते आणि स्थानिक हवामानाबद्दल तिचा सल्ला घ्यावा. बळीरामानं दुसरी ओळ परत वाचायला लावली. मग म्हणाला, "पुढलं काम लातूरला मिळालंय. कागद न दावताच."

माझ्यापुरतं सांगायचं तर आता मी कुणाच्या हातात वस्तू देताना नुसतं 'जपून ठेवा' म्हणत नाही. कुठं ठेवायची तेही सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो.