ज्वारीतला ग्रीक भोंगा

बोरीच्या शिवारात जुना ग्रीक रॉक अल्बम ऐकणारा मी एकटाच. त्यातला गायक मधेच गाणं सोडून किंचाळतो, मग ऑर्गन सुरू होतो. पहिल्यांदा ते ऐकून वडील म्हणाले, "कोन मरायलंय रं?"

ज्वारी हुरड्यात आली, तेव्हा मात्र ते किंचाळणारं अख्खं गाणं त्यांनीच मागून घेतलं. पाखरं हुसकायच्या भोंग्यात आजवर कुत्री भुंकायची. हे त्याहून जालीम. पाखरं खरंच शेजाऱ्याच्या रानात पळाली. माझी कॉलर ताठ झाली.

आठवड्यानं गेलो, तर भोंगा चालू आणि कणसांवर पाखरांची पंगत. मी पाखरांवर भिरकवायला दगड उचलला, तसे मचाणावर डोळे मिटून बसलेले वडील खेकसले, "ठेव खाली! त्यो बोंबलून झाला की पेटी लय झकास वाजवतेत."