बोळातली शहाबादी फरशी

होटगी स्टेशनापासून दोन कोसांवर निंबूर हे पालिकेचं गाव. गावाला एक पेठ, पेठेला दोन्ही अंगांनी दगडी जोती, सागवानी दारं, दारांवर पितळी कड्या. आणि त्याच घरांच्या पाठीमागून गेलेला एक बोळ. पेठेतून जाणाऱ्याला तो दिसत नसे. दिसू नये अशाच बेतानं तो सोडला होता. चार हात रुंद, शंभरएक पावलं लांब, दोन्ही बाजूंना घरांच्या पाठी, आणि पाठींना गुडघ्याच्या उंचीवर पत्र्याच्या झडपा. झडपेआड टोपलीचा संडास. अशा बावीस झडपा. केराबाईनं त्या एकतीस वर्षं रोज सकाळी उघडल्या आणि मिटल्या.

ती सून होऊन आली तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. सासू बजाबाईनं तिला पहिल्या दिवशी भाकरी थापायला नाही, श्वास घ्यायला शिकवलं. झडप उघडायच्या आधी छाती भरून घ्यायची, पत्र्यानं खरडून टोपलीत ओढायचं, वरून राख टाकायची, झडप मिटायची, आणि मगच सोडायचा. बावीस झडपा म्हणजे बावीस श्वास. टोपली भरली की डोक्यावर घेऊन बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बैलगाडीत ओतायची. बजाबाई गेली, नवरा गेला, दोन मुकादम बदलले. श्वासांचा हिशेब तोच राहिला.

तिला मैल्याची किळस येत नव्हती असं कुणी समजू नये. एकतीस वर्षांत एकाही दिवशी तिला सकाळचं खाणं गोड लागलं नाही. पण मैला निदान आपण कोण आहोत ते लपवत नाही. माणसांची किळस त्याहून खोल होती. वरच्या खिडकीतून 'सरक गं' म्हणण्याआधीच खरकटं पाणी सोडणारी माणसं. सणाची शिळी पोळी दोन पुरुष उंचीवरून पदरात टाकणारी माणसं, आणि ती चिखलात पडली की 'नीट धरता येत नाही का' म्हणणारी. कुणाच्या घरात हगवण आहे, कुणाचा म्हातारा आठवड्यात जाणार, हे तिला वैद्याच्या आधी कळायचं. त्या घरांतल्या एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं.

बोळाची जमीन मातीची. घराघरांतल्या मोऱ्यांचं पाणी त्यातूनच वाहायचं, त्यामुळं उन्हाळ्यातही पाय ठरत नसे. गेल्या ज्येष्ठात तिची सून फुलाबाई सातव्या महिन्यात असताना अकराव्या झडपेपाशी घसरली. भरली टोपली तिच्या अंगावर आली. केराबाई धावली. वर बघून तिनं तांब्याभर पाणी मागितलं. वरच्या खिडक्या एकामागून एक मिटत गेल्या. मूल त्याच रात्री गेलं. केराबाईनं सुनेला तीन दिवस राखेनं, शिकेकाईनं, लिंबाच्या पाल्यानं न्हाऊ घातलं, तरी फुलाबाई आपलेच हात नाकाशी नेऊन हुंगत बसायची.

आता माघ लागला होता आणि फुलाबाई पुन्हा गरोदर होती. दिवस वैशाखात भरणार होते. बाळंतपणानंतर सव्वा महिन्यानं कामावर हजर झाली नाही तर तिची जागा जाणार होती. केराबाईला एवढंच हवं होतं, की तिच्या सुनेचं पाऊल परत त्या बोळात पडेल तेव्हा खाली दगड असावा. शहाबादी फरशी. पेठेत घातली होती तशी. बाकी या गावाकडं तिचं काही मागणं नव्हतं.

मुकादम मानसिंगला तिनं कितीदा विचारलं होतं. तो दाताखाली तंबाखू धरून म्हणायचा, "फरशी रस्त्याला मिळती, केराबाई. ह्यो काय रस्ता हाय व्हय?"

त्या साली, म्हणजे दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं तेव्हा, सोलापूरहून पालिकेत एक कागद आला. पालिकेचं जे जे काही गावात आहे ते सगळं लिहून काढा, आणि जातवार लावा. रस्ते एका वहीत, गटारं दुसऱ्या, पाण्याच्या टाक्या आणि नळ तिसऱ्या, इमारती चौथ्या. पुढच्या वर्षापासून दुरुस्तीचा पैसा वहीप्रमाणे मिळेल. ज्या वहीत नाव, त्या वहीतला पैसा.

हे काम विरुपाक्ष कारकुनाकडं आलं. विरुपाक्ष दोनदा आंघोळ करणारा, भस्म लावणारा, कुणाच्या अध्यात मध्यात नसणारा माणूस. टेप धरायला एक शिपाई घेऊन तो गावभर फिरला. बोळाची पाळी आली तेव्हा मात्र तो तोंडाशीच थांबला. नाकावर रुमाल, रुमालात कापराची वडी. लांबी त्यानं पेठेतून पावलं टाकून आधीच काढली होती. पुढं जेवढी पेठ, मागं तेवढा बोळ. रुंदी त्यानं नजरेनं मोजली. आणि वहीत लिहिलं.

केराबाई नेमकी भरली टोपली घेऊन बाहेर येत होती.

"काय लिवलं, सायेब?"

"गटार."

"कशावरनं?"

"पाणी वाहतंय. अरुंद आहे. गाडी जात नाही."

"माणूस जातंय की."

विरुपाक्ष रुमालाआडून म्हणाला, "कोण जातंय इथनं?"

त्याच्यापासून तीन हातांवर केराबाई डोक्यावर टोपली घेऊन उभी होती. विरुपाक्षनं वर पाहिलं, मग वहीत पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. पण शाई वाळली होती.

"असं आहे, बाई," तो जरा नरमाईनं म्हणाला, "नियम असा आहे की ज्याच्यावर घराचं पुढचं दार उघडतं तो रस्ता. घरपट्टीच्या यादीवरून रस्ते ठरतात. इथं सगळ्या पाठीच आहेत."

"नागम्माचं दार हाय की."

"कोण नागम्मा?"

"आत चला, म्हंजी दिसंल. तोंडाशी हुबा राहून कसं दिसंल?"

त्याला जायचं नव्हतं. पण शिपाई गालात हसत होता, आणि नियम त्यानं स्वतःच सांगितला होता. केराबाईनं टोपली गाडीत रिती केली आणि पुढं झाली. विरुपाक्षनं धोतराचा सोगा वर धरला. पाचव्या झडपेशी त्याची चप्पल रुतली. आठव्या झडपेशी तो घसरला, भिंतीला हात टेकला, आणि भिंत ओली होती. रुमाल खाली पडला. तो उचलायला वाकला आणि तसाच सरळ झाला. रुमाल तिथंच राहिला. केराबाईनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

"फुलाबाई हितं पडली," अकराव्या झडपेशी ती म्हणाली, आणि पुढं गेली.

बोळाच्या टोकाशी एक ठेंगणं दार होतं. भावकीत वाटणी झाली तेव्हा पुतण्यांनी विधवा चुलतीला मागची खोली दिली आणि चौकाकडचं दार विटांनी चिणून टाकलं. तेव्हापासून नागम्माचं येणं-जाणं याच बोळातून.

"यारु?" आतून कानडीत 'कोण आहे' असं विचारणं आलं, आणि म्हातारी उंबऱ्यात आली. विरुपाक्षच्या कपाळावरचं भस्म पाहून तिनं पदर सावरला. "पालिकेचा व्हय? नऊ वरसांत पयला माणूस आलास बघ माझ्या दारात. पट्टी मात्र दर साली मागता की."

तिनं पत्र्याच्या डब्यातून पावती काढून दिली. घरमालक नागम्मा, पत्ता मागचा बोळ. खाली विरुपाक्षचीच सही. त्यानं ती दोनदा वाचली. मग वही गुडघ्यावर धरून 'गटार' शब्दावर रेघ मारली आणि 'रस्ता' लिहिलं. परत येताना तो तोंड उघडं ठेवून, भरभर चालत आला आणि पालिकेच्या आडावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

केराबाईला वाटलं, झालं. लिहिलं म्हणजे झालं असं तिला वाटलं, हीच तिची चूक.

वह्या सोलापूरला गेल्या, मंजूर होऊन आल्या. चैत्राच्या पहिल्या हप्त्याला चुना आणि फिनेल घेऊन येणारा गडी बोळाकडं वळलाच नाही. केराबाईनं मानसिंगला गाठलं.

"चुना गटाराच्या वहीतला," मानसिंग म्हणाला. "तू आता रस्ता झालीस न्हवं?"

"मग फरशी?"

"फरशी रस्त्याच्या वहीतली. तुजा नंबर एकेचाळीस. यंदा पाचपतोर घालणार हायत."

"म्हंजी चुना बी गेला, फरशी बी न्हाय."

"आता मी काय करू? तूच लिवून घेतलंस."

चैत्राच्या उन्हात बोळ नासला. चुन्यानं जे दबलेलं असे ते आता वर आलं. पेठेतल्या बायका वरच्या खिडक्यांतून ओरडायच्या, की मेल्या नीट काम करत नाहीत. केराबाईला बावीस श्वास पुरेनात. तिला पहिल्यांदा त्या कागदाचीच किळस आली. मैल्याला काठ असतो, टोपली असते. या कागदाला काठ नव्हता. तो रस्ता म्हणायचा आणि चिखल ठेवायचा, गटार म्हणायचा आणि माणसाला त्यात चालवायचा.

मग एक दिवस पेंटर आला. पालिकेनं सगळ्या रस्त्यांना पाट्या लावायचा हुकूम काढला होता. त्याच्याकडं रस्त्यांची यादी होती आणि यादीत एकेचाळीस नावं होती. त्यानं प्रत्येकाच्या तोंडाशी दोन पत्रे ठोकले, एक नावाचा, एक सूचनेचा. बोळाच्या तोंडाशीही ठोकले आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी केराबाई टोपली घेऊन आली आणि थबकली.

तिला वाचता येत नव्हतं. पण काळी चौकट आणि लाल अक्षरं असलेला तो पत्रा तिनं एकतीस वर्षं पाहिला होता. पेठेच्या तोंडाशी तोच होता. पहिल्याच दिवशी बजाबाईनं तिला तो दाखवून सांगितलं होतं, की हा पत्रा दिसला की मागं फिरायचं. पत्र्यावर लिहिलं होतं, 'या रस्त्याने मैला नेण्यास मनाई आहे.'

केराबाई मागं फिरली. टोपली भिंतीला पालथी घातली आणि वडाच्या पारावर जाऊन बसली. दोन तासांनी मानसिंग आला.

"आत जा की."

"बोर्ड हाय."

"ते आपलं चुकून लागलंय."

"मग काढा."

मानसिंग पालिकेत जाऊन आला. बोर्ड काढता येत नव्हता. तो रस्त्याच्या वहीत चढला होता. रस्ता पुन्हा गटार करायचा तर सोलापूरची मंजुरी लागणार होती, आणि तिला दोन महिने. त्यानं दुसऱ्या पाळीच्या दोघींना पाठवलं. त्या बोळाच्या तोंडापर्यंत गेल्या, पत्रा पाहिला आणि केराबाईशेजारी पारावर येऊन बसल्या.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी झडपांच्या खालून वाहू लागलं. तिसऱ्या दिवशी पेठेतल्या कुठल्याच घरात जेवण धड झालं नाही. नववी झडप पालिकेच्या अध्यक्षांच्या घराची होती. त्यांच्याकडं पाहुणे उतरले होते, आणि ते पाहुणे दुपारच्या गाडीनं न जेवता परत गेले. तेव्हा कुठं कचेरी जागी झाली. एवढं करायला माणसाला आपल्याच घाणीचा वास तीन दिवस घ्यावा लागतो, याचंच केराबाईला नवल वाटत होतं.

चौथ्या सकाळी मानसिंग आणि विरुपाक्ष दोघेही पारावर आले. विरुपाक्षकडं आज रुमाल नव्हता.

"नोकरी जाईल, केराबाई," मानसिंग म्हणाला.

"कशापायी? बोर्ड वाचला म्हणून?"

"तुला वाचता येतं व्हय?"

"बोर्ड तुमीच लावलाय. मी मानला तर कामावरनं काढणार? आन न्हाय मानला तर पोलीस धरनार. काय करू ते लिवून द्या."

विरुपाक्षनं विचारलं, "मग यातनं वाट काय, बाई?"

"वाट सोपी हाय. खाली फरशी घाला. फरशी असली म्हंजी मी खाली बघून चालीन. बोर्ड वर हाय, सायेब. खाली बघणाऱ्याला वरचं दिसत न्हाय."

कचेरीच्या व्हरांड्यासाठी शहाबादहून आलेल्या फरशा मागच्या अंगणात रचून ठेवल्या होत्या. त्या इमारतींच्या वहीतल्या. विरुपाक्ष उठला, कचेरीत गेला, आणि अध्यक्षांपुढं काय बोलला ते कुणाला कळलं नाही. दुपारी फरशांची पहिली गाडी बोळाच्या तोंडाशी लागली.

गवंड्यांना दोन दिवस लागले. केराबाई प्रत्येक फरशीवर टाच दाबून पाहत होती. अकराव्या झडपेपुढची एक फरशी डुलत होती. ती तिनं उखडून पुन्हा बसवायला लावली. गवंडी चिडला, पण तो हो म्हणेपर्यंत तिनं पाय तिच्यावरून काढला नाही.

फुलाबाईला वैशाखात मुलगी झाली. सव्वा महिन्यानं ती कामावर आली तेव्हा केराबाई तिच्या पुढं चालत होती. पायांखाली दगड पक्का होता. बावीस झडपा मात्र तशाच होत्या, टोपली तशीच होती, आणि बोर्डही वर तसाच.

नवव्या घराच्या खिडकीतून अध्यक्षांच्या सूनबाईंनी डोकावून पाहिलं. नाकाला पदर.

"फरशी घातली हे बरं झालं," त्या वरून म्हणाल्या. "आता रोज धुवून काढत जा गं बायांनो, चकचकीत राहील."

केराबाईनं मान वर केली नाही.

"रस्ता धुवायची टोळी येगळी असती, बाई. वहीत बघा," ती म्हणाली. मग बाजूला थुंकली, छाती भरून घेतली आणि झडप उघडली.