मागे आलेली गाडी

चेंडूबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं, आणि ते उगाच नव्हतं. ऋण त्वरणाचा धडा आला की विज्ञानाच्या या बाई पर्समधून रबरी चेंडू काढायच्या आणि वर उडवायच्या. "वरची दिशा धन धरली. वर जाताना वेग कमी होतोय, म्हणजे त्वरण ऋण. आणि आता बघा, आला परत!" चेंडू अचूक हातात. अकरा वर्षं हाच खेळ. पुस्तकात त्याच धड्यात ब्रेक दाबलेल्या गाडीचं चित्र होतं. ते पान बाई चटका बसल्यासारखं उलटायच्या.

त्या गाडीला बाई चांगल्या ओळखत होत्या. अकरा वर्षांपूर्वी एका वळणावर दप्तर सावरत एक मुलगी रस्त्यात उतरली आणि बाईंनी जीव खाऊन ब्रेक दाबला. पंचनाम्यात आलं ते असं: टायरचे व्रण अठरा मीटर, मुलगी सोळाव्या मीटरवर. ती तिसऱ्या दिवशी गेली. वेग मर्यादेतला, बाईंचा दोष नाही, प्रकरण मिटलं. कागदावर मिटलं. गाडी विकली. धाकटा भाऊ अजून म्हणतो, "ताई, किती दिवस ही तंगडतोड? मी सोडतो की." बाई ऐकून न ऐकल्यासारखं करतात. वर्गात शिरल्यावर त्यांची नजर मागच्या रिकाम्या बाकाकडे जातेच. ती मुलगी तिथे असते, दप्तर मांडीवर धरून, फळ्याकडे बघत. बाईंना तिची भीती वाटत नाही. ती काहीच विचारत नाही, याची वाटते.

यंदा नववीचा पेपर बाहेरून आला. गाडीचा वेग सेकंदाला बारा मीटर, ब्रेक दाबल्यावर त्वरण उणे चार. पाच सेकंदांनी गाडी ब्रेक दाबल्या जागेपासून किती अंतरावर? गाडी तीन सेकंदांतच थांबते, अठरा मीटरवर, आणि थांबली की तिथेच राहते. पेपर काढणाऱ्याला काय माहीत, नेमके अठरा! पण एक्केचाळीसपैकी अडतीस पोरांनी सूत्रात डोळे मिटून पाच घातले आणि उत्तर काढलं, दहा मीटर. म्हणजे गाडी थांबून आठ मीटर मागे आली, बाईंच्या चेंडूसारखी. पोरांना बोल लावण्यात काय अर्थ? आडात तेच पोहऱ्यात.

लाल पेन धरून बाई स्टाफरूममध्ये नुसत्या बसून राहिल्या. दहा. मुलीच्या सहा मीटर अलीकडे. अडतीस उत्तरपत्रिकांत ती वाचली होती. फुली मारायला हात उचलेना.

"बाई, दुसऱ्या तुकडीत एकानेही असं लिहिलं नाही," मुख्याध्यापक दारातून म्हणाले. "गाडी मागे येते हे शिकवलं कुणी?"

"मीच."

"मग उद्या नीट शिकवा. वार्षिक परीक्षेत पोरांचं वाटोळं होईल."

दुसऱ्या दिवशी बाईंनी चेंडू घरीच ठेवला. फळ्यावर आडवी रेघ ओढली, एका टोकाला गाडी काढली आणि अठरावर खूण केली. "गाडी इथे थांबते. मागे येत नाही."

"पण चेंडू येतो की, बाई," पहिल्या बाकावरची चुणचुणीत पोरगी म्हणाली.

"चेंडू थांबला तरी पृथ्वी त्याला ओढत असते, बाळ. ब्रेकचं तसं नाही. गाडी थांबली की त्याचं काम संपलं. कितीही दाबून धरला तरी तो मागे नेत नाही." बाईंनी खडू उचलून सोळावर बारीक फुली काढली.

"ते काय, बाई?"

"इथे एक मुलगी उभी होती. गाडी मी चालवत होते."

बाईंना रडू फुटेल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही.

"सोळावर वेग किती उरला होता, काढा."

पोरांनी माना खाली घातल्या. चुणचुणीत पोरगीच आधी उठली. तिला बाईंना धीर द्यायचा होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"चार, बाई. सेकंदाला फक्त चार मीटर. म्हणजे फार नाही ना?"

बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "फार नाही."