समोरच्या दारातले लिफ्ट-निरीक्षक

दूध गॅसवर होतं, हे आरशासमोर अर्धी दाढी करून उभे होते आणि कालची भाजी आज डब्यात खपेल का, याचा मी विचार करत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप. उघडलं तर समोरच्या दारातले भाऊ. बावीस वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत, पण काही मागायला म्हणून ते कधी उंबऱ्याशी आले नव्हते.

“वहिनी, दादांशी दोन मिनिटं बोलायचं होतं.”

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. चहाचं मी विचारलंच नाही, कारण उत्तर ठरलेलं. यांनी गालावरचा फेस तसाच ठेवला आणि उगाचच पेपर हातात घेतला. त्यांना नजर चुकवायची होती. का, ते सांगते.

भाऊ सरकारी लिफ्ट-निरीक्षक. इमारतींच्या लिफ्ट वर्षातून एकदा तपासायच्या, दोर, ब्रेक, दारांची कुलुपं बघायची आणि सगळं ठीक असेल तर वर्षभराच्या प्रमाणपत्रावर सही करायची, हे त्यांचं काम. आता लिफ्ट कुठे नसते? आज ज्याच्याकडे चहा प्यावा, तो उद्या अर्जदार होऊन टेबलासमोर उभा. म्हणून भाऊ कामावर पाण्याची बाटलीसुद्धा घरून नेतात. आमची मुलगी लहान असताना वाढदिवसाचा केक घेऊन त्यांच्याकडे गेली होती. तो त्यांनी खाल्ला, पण दुसऱ्या दिवशी तिला रंगपेटी आणून दिली, म्हणजे फिटंफाट. तेव्हापासून पोरं त्यांना नियमकाका म्हणतात. त्यांची बायको होती तोवर ती हसून सांभाळून घ्यायची. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. आता घरात ते आणि त्यांची आई. आजींचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, आणि ते चुकवून चालत नाही.

आमची लिफ्ट तपासायला दरवर्षी दुसरेच कुणी निरीक्षक यायचे. जुने सेक्रेटरी दोन महिने आधीच अर्ज पाठवून द्यायचे. नव्या सेक्रेटरींना वाटलं, निरीक्षक घरातलाच माणूस, घाई कशाला? मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी ते अर्ज आणि पेन दोन्ही घेऊन भाऊंकडे गेले. भाऊ म्हणाले, मी इथे राहतो, या लिफ्टने माझी आई जाते-येते, ही तपासणी माझ्या हातून होऊ शकत नाही. सेक्रेटरींना वाटलं, साहेब जरा भाव खातायत. म्हणून त्यांनी पुन्हा आग्रह केला. दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी आपल्याच वरिष्ठांना दोन ओळींचं पत्र दिलं: मी राहतो त्या इमारतीच्या लिफ्टची मुदत आज संपत आहे, तपासणी दुसऱ्या कुणाकडे सोपवावी. संध्याकाळी लिफ्टला सील लागलं. दुसरे निरीक्षक शेजारच्या जिल्ह्यातले, त्यांच्याकडे आधीच दोन जिल्ह्यांचं ओझं. तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची.

तीन आठवडे झाले, आम्ही जिने चढतोय. खोटं कशाला सांगू, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चौथ्या मजल्यावर दम खायला थांबले की मीही भाऊंच्या नावाने पुटपुटले आहे. जिन्यात लोक त्यांना ऐकू जाईल असं बोलतात. कुणी म्हणतं, साहेबांचे गुडघे सरकारी आहेत, झिजले तर नवीन मिळतील. सेक्रेटरींनी तर भाऊंच्या ऑफिसला पाठवायला तक्रार लिहून घरोघरी सह्या घेतल्या. यांनीही केली. मी नको म्हणाले होते, पण तेव्हा हे पाण्याचा कॅन घेऊन नुकतेच वर आले होते.

एकदा जिन्याच्या वळणावर मी भाऊंना गाठलंच. विचारलं, तुमच्या साहेबांनी तरी काही मार्ग काढायचा ना? ते कठड्याला टेकून दम खात होते. म्हणाले, काढला होता. तुम्ही नुसती बघून या, सही मी करतो, असं साहेब म्हणाले होते.

“मग?”

“मग काय, वहिनी. बघणारा मीच ना?”

लिफ्ट खरंच बिघडली आहे का, असंही विचारलं. त्यावर ते म्हणाले, बहुतेक ठीकच असेल. पण बहुतेकवर सही करत नाहीत, आणि आपल्या घरासाठी तर मुळीच नाही. आवाजात राग नव्हता. नव्याण्णव पायऱ्या चढून आलेल्या आणि अजून एक मजला बाकी असलेल्या माणसाचा आवाज होता.

आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेतात. मागून भाऊ, पुढून वॉचमन. हॉस्पिटलच्या गाडीत एकटा ड्रायव्हर असतो, तो गाडी सोडत नाही. काल सेक्रेटरींनी वॉचमनला बजावलं की गेट सोडून कुठेही जायचं नाही. भाऊ बोलायला गेले, तर सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, “नियम म्हणजे नियम, साहेब. तुम्हीच शिकवलंत.” दोघंतिघं हसले. भाऊ मान हलवून वर निघून गेले.

आणि आज ते आमच्या खुर्चीच्या कडेवर बसले होते. डोळ्यांखाली काळं, पण शर्टाला इस्त्री. मी गॅस बंद केला. यांनी पेपर खाली ठेवला आणि घसा साफ करून म्हणाले, “भाऊ, त्या कागदावर माझीही सही आहे.”

“माहीत आहे,” भाऊ म्हणाले. “काल ऑफिसात वाचली. ते राहू द्या, तक्रार करणं तुमचा हक्क आहे.” त्यांनी कपाळ पुसलं. “मी रात्रभर विचार केला, तुम्हाला विचारणं बरोबर की नाही. लिफ्टची फाइल आता माझ्याकडे नाही. तुम्ही कमिटीवरही नाही. तेव्हा विचारायला हरकत नसावी. नाही म्हणालात तरी चालेल.”

यांच्या गालावरचा फेस सुकत चालला होता.

“आईला नऊ वाजता खाली न्यायचंय,” भाऊ म्हणाले. “खुर्ची पुढून धरायला याल का?”