सासूबाईंनी तपासलेली सायकल

माझे पाय आखूड आहेत हे सगळ्या कर्जतला ठाऊक होतं, कारण सायकलवरून मी पडले ती भर चावडीसमोर. सायकल ह्यांची, पुरुषी, सीटपासून हँडलपर्यंत आडवी दांडी असलेली. उतरताना लुगडं दांडीत अडकलं आणि मी सायकलसकट आडवी. चावडीवरचे रिकामटेकडे पोट धरधरून हसले. मेले!

पण मला सायकल हवीच होती. मिरजगावच्या वाटेवर एका गावात मुलींची शाळा नुकती निघाली होती आणि तिथली एकुलती एक मास्तरीण मी. आधी हे रोज डबलसीट सोडायचे. मग ह्यांना देवळाली प्रवरेच्या बाजूला साखर कारखान्यात नोकरी लागली, सायकल घरी राहिली आणि मी पायी जाऊ लागले. रोज उशीर. तपासणीला आलेल्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं, दिवाळीनंतरही असाच उशीर झाला तर शाळा बंद. लढाईचे दिवस, बायकांची सायकल नगरात औषधालाही मिळत नव्हती.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "बरं झालं, घरात बस. बाईमानसानं सायकलीव बसायचं, ही कंची रीत?" उत्तर दिलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. मी गुपचूप सायकल काढली आणि गल्लीतल्या कल्हईवाल्या चाचांकडे नेली.

"चाचा, ही दांडी सीटखालून सोडवा आणि खाली, पायडलच्या जरा वर जोडून द्या."

चाचांनी जन्मभर घागरी नि पातेली झाळलेली. दांडीही त्यांनी तशीच कथील वितळवून झाळली. मग घागर तपासतात तसं तिच्या पोकळ नळीत पाणी भरलं आणि सायकल वरखाली करून पाहिली. थेंब गळला नाही. "एकदम पक्की!" म्हणाले. मलाही ते पटलं, काय सांगू!

चालवून बघायला निघाले, तर ओढ्याच्या उतारावर दगडावरून चाक उडालं आणि दांडी टचकन सुटली. गुडघा फुटला, कोपराचं सालपट निघालं, बांगड्यांचा चुरा झाला. रडत घरी आले. आत्याबाईंनी जखमेत हळद भरली.

चाचा हळहळत घरी आले. "बेटी, पानी धरायचं मला येतं. वजन धरायचं न्हाई आलं." सायकल उचलून ते लोहाराकडे गेले. सांध्याभोवती लोखंडी पट्टी गुंडाळली, पितळेचा कीस नि सांधा धरावा म्हणून टाकणखार भरला आणि पितळ वितळून सगळीकडून आत उतरेपर्यंत दोघांनी भाता हाणला. दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी सायकल दारात आली. या वेळी पाणी नको, असं चाचाच म्हणाले; सीटवर ज्वारीचं पोतं ठेवून ढकलून बघू.

तेवढ्यात आत्याबाई पदर खोचून बाहेर आल्या. गल्लीत त्यांच्याएवढ्या अंगाची बाई दुसरी नव्हती.

"पोतं कशाला? मोडायचीच आसंल तर माज्याखाली मोडू दे. पोरगी परत पडाया नको."

मला हुंदकाच आला. "रडतीस काय, धर की!" म्हणत त्या सीटवर चढल्या. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं चाचा. ओढ्याच्या त्याच उतारावर, त्याच दगडांवरून नेली सायकल. आत्याबाई सारखं ओरडत होत्या, "आरं सोडू नका! सोडलं तर बगा!" दांडी मात्र जागची हलली नाही. चाचांनी सांध्यावरून बोट फिरवलं आणि हसले. कुठं चीरसुद्धा नव्हती.

परत दाराशी आलो. मी म्हटलं, "उतरा आत्याबाई, झाली परीक्षा."

त्यांनी हँडल आणखीच घट्ट धरलं.

"उतरती कशाला? म्होरं ढकला. चावडीवरनं न्या मला. बगू तरी, आता कोन हासतंय ते!"