गुरुजींची भर दुपारची हजेरी

गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर दुपारी परसात, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर आंघोळ करत होते आणि एकीकडे हजेरी घेत होते. करंजाच्या झाडाखाली मोठा दगड, दगडावर गुरुजी आणि भोवती वीसेक कोंबड्या. डोक्यावर एक तांब्या, की तोंडातून एक नाव. "लक्ष्या!" तांब्या. "बुधी!" तांब्या. "सोमी!" इथं गाडी अडली. "सोमी कुठाय? सोमीऽऽ!" कुंपणाखालून एक काळी कोंबडी चोच वासून, धापा टाकत आली. गुरुजींनी तिच्यावर डोळे वटारले. "उशीर! तोंड मिटा. पाणी प्या."

मी उपकेंद्रात नवी आलेली नर्स. खोडाळ्याला एसटीतून उतरून ट्रंक सांभाळत पाड्यापर्यंत चालत आले होते, घामानं नुसती निथळत होते. खोलीची किल्ली गुरुजींकडे असते म्हणून सांगितलेलं, आणि गुरुजी हे असे! मी पाठ फिरवून ओरडले, "अहो, अंगावर काहीतरी घ्या की!" त्यांनी शांतपणे पंचा गुंडाळला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच आवाजात म्हणाले, "सिस्टर, तुम्हीपण तोंड मिटा. सावलीत बसा. पाणी प्या." मी बसले आणि प्यायलेही. करणार काय?

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. साऱ्या पाड्यानं त्यांच्या हाताखाली पाटी गिरवलेली. पण दिवाळी झाली, भात-नागली घरात आली, की पाडा रिकामा व्हायचा. माणसं बायकापोरांसकट वीटभट्ट्यांवर जायची, भिवंडीकडं, वसईकडं, आणि परतायची ती पावसाच्या तोंडावर. मागं उरायची दोन-चार म्हातारी, आणि गुरुजी न् त्यांच्या बायको मंजुळाकाकू. यांना पेन्शन होती, जायची गरज नव्हती. म्हणून जाणारा प्रत्येक जण आपली कोंबडी गुरुजींच्या परसात सोडून जायचा. ज्याची कोंबडी, त्याचं नाव तिला. लक्ष्या म्हणजे लक्ष्याची तुरेवाली, बुधी म्हणजे बुधीची पांढरी. लक्ष्या आणि बुधी यांच्यात बांधावरून भांडण, एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नसत. इथं दोघं एकाच खापरातून पाणी पीत. गुरुजींना त्याची भारी मौज वाटायची. "बघा सिस्टर, उन्हापुढं कोणाचा रुसवा टिकत नाय."

सोमी सगळ्यात गरीब. नवरा वारलेला, जमीन नाही, मजुरीवर पोट. गुरुजींकडेच चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या झोपडीला कुलूप नव्हतं, कारण आत चोरण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते गुरुजींच्या परसात, काळं, एका पायाचं बोट वाकडं असलेलं. जाताना ती म्हणाली होती, "गुरुजी, परत आल्यावर दारात काहीतरी हलतं-बोलतं पायजे. नायतर घरात शिरवत नाय." गुरुजींनी हे वाक्य मला इतक्यांदा ऐकवलं, की मी सोमीला पाहण्याआधीच ओळखत होते.

"मुंगूस नेईल, घार नेईल, त्याला माझा इलाज नाय," ते छाती पुढं काढून सांगायचे. "पण उन्हानं एकपण कोंबडी जाऊ दिली नाय मी. माझ्या वर्गात नापास कोणी नाय."

आणि काय काय नाही करायचे! निवृत्तीच्या पैशातून त्यांनी घराचं गवती छप्पर काढून पत्रे घातले होते. पाड्यातला पहिला पत्रा, केवढा तोरा! उन्हाळ्यात त्या पत्र्याखालचं खुराडं भट्टीसारखं तापायला लागलं तसा पत्र्यावर पेंढ्याचा हातभर थर अंथरला आणि वर पाणी शिंपडायला लागले. मंजुळाकाकू कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "पेंढा काढून पत्रा घातला, आता पत्र्यावर पेंढा. मास्तर होतात म्हणून निभलं." विहिरीचं पाणी तळाला गेलं की हंडाभरसुद्धा वाया घालवायची सोय नसे. म्हणून तर ती दुपारची आंघोळ. अंगावरून गेलेल्या पाण्यानं करंजाखालची माती भिजायची आणि कोंबड्या त्यात खड्डे करून पोट टेकून बसायच्या. ते पाणी त्या पीतही, म्हणून गुरुजींनी उन्हाळ्यापुरता साबण सोडला होता. "वास मला येतो, पुण्य यांना मिळतं," काकू नाक धरून म्हणत.

सगळेच उपाय काही फळले नाहीत. एकदा त्यांनी कैरीचं पन्हं करून मातीच्या परळात ठेवलं. कोंबड्यांनी ढुंकून पाहिलं नाही. गुरुजी खाली बसले आणि सगळं पन्हं स्वतः प्यायले. एकदा प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं कांदा बांधला, ऊन बाधू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकमेकींचे कांदे खाऊन टाकले. माझ्या लसीच्या डब्यावर तर त्यांची नजरच होती. मी लसीकरणाला निघाले की कुंपणाशी उभे. "सिस्टर, तुमच्या डब्यात हिवाळा हाय. थोडासा द्या."

"पोरांच्या लशी आहेत त्या, गुरुजी!"

"मी लस कुठं मागतो? बर्फ मागतो."

मी फणकाऱ्यानं निघून जायची. हा माणूस डोक्यात जायचा माझ्या. पण एखाद्या दिवशी आंघोळीची हजेरी ऐकू आली नाही तर चुकल्यासारखं वाटायचं, हेही खरं.

त्या वर्षी वैशाख फार वाईट तापला. वारा पडलेला, झाडाचं पान हलेना. कोंबड्या पंख पसरून, चोची वासून पडलेल्या. गुरुजींचं "तोंड मिटा, तोंड मिटा" दिवसभर चाललेलं, पण आवाजातला करडेपणा गेलेला. मी लसीकरण उरकून आले तर समोरून गुरुजी पळत येताहेत, एका पायात चप्पल, पंच्यात काहीतरी गुंडाळलेलं. सोमी होती. मान टाकलेली.

त्यांनी बर्फ मागितला नाही. मीच डबा उघडला. लशी संपल्या होत्या, बर्फाच्या पट्ट्या अजून गार होत्या. फडक्यात गुंडाळून पंखांखाली लावल्या, पाय पाण्यात बुडवले, साखर-मिठाचं पाणी थेंबथेंब चोचीत सोडलं. माणसाच्या पोराचं करते तसं सगळं केलं. मध्येच तिनं डोळा उघडला आणि आमचा जीव भांड्यात पडला. पण ऊन उतरायच्या आत ती गेली.

त्या संध्याकाळी गुरुजी काही जेवले नाहीत. "सोमीला काय सांगू, सिस्टर?" एवढंच विचारत राहिले. मी म्हटलं, खरं ते सांगा. काकूही तेच म्हणाल्या. गुरुजींनी मान हलवली. "ती भट्टीवरून काय घेऊन येते? अंगदुखी. दारात ही असते म्हणून हसते. हसताना पायलीय मी तिला."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नवा उद्योग सुरू झाला. त्यांच्या स्वतःच्या कोंबड्यांत एक काळी होती, काकूंची लाडकी, रोज अंडं घालणारी. गुरुजी तिला मुठीत कणी दाखवून शिकवायला लागले. "सोमी! सोमी म्हटलं की यायचं. ये. तीऽ तीऽ तीऽ. सोमी!" जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस एका कोंबडीला खोटं नाव पाठ करायला लावत होता. मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. आपली लाडकी कोंबडी चाललीय हे काकूंना दिसत होतं. तरी त्याच कणी भरलेलं सूप गुरुजींच्या पुढ्यात सरकवायच्या.

आभाळ भरून यायला लागलं तशी माणसं परतली. सोमी डोक्यावर बोचकं घेऊन थेट परसातच आली. गुरुजींनी टोपी नीट केली, घसा खाकरला आणि हाक मारली, "सोमी!" कोंबडी तुरुतुरु आली. माणूस सोमी खाली बसली, तिनं कोंबडी उचलून कुशीत घेतली. मग हात खाली सरकवून तिचा पाय चाचपला. बोटं सगळी सरळ.

तिनं मान वर करून गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी सांगायचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, मला दोनदा ऐकवूनही झालं होतं. पण ऐन वेळी चोच वासलेल्या कोंबडीसारखं त्यांचं तोंड नुसतं उघडं राहिलं. सोमीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा पदर तोंडाशी धरून उभ्या असलेल्या काकूंकडं पाहिलं, आणि ती हसली.

"गुरुजी, तोंड मिटा," ती म्हणाली. "माझीच हाय ती."

पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा जाताना तीच कोंबडी तिनं गुरुजींच्या परसात आणून सोडली. गुरुजी तेव्हा जे रडले, तसं मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. मलाही आवरलं नाही.

काही वर्षांनी माझी बदली जव्हारच्या पलीकडं झाली. निघताना गुरुजी एसटीपर्यंत आले. "जाताय तर कोंबडी ठेवून जा," म्हणाले.

"माझी कुठली आलीय कोंबडी?"

"ती तांबडी. आजपासून तुमची. कोंबडी असली म्हणजे माणूस परत येतो. आजवर कोणी चुकलं नाय."

मी मात्र चुकले. संसार, नोकरी, मुलांच्या शाळा. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले, आणि मग गुरुजी गेल्याचं कळलं. तेही उशिरा.

त्यानंतरच्या वैशाखात मी गेले. भर दुपार. पत्र्यावर पेंढा तसाच होता. करंजाखालच्या दगडावर मंजुळाकाकू पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि तांब्यानं मातीवर पाणी शिंपत होत्या. जन्मभर नवऱ्याच्या हजेरीला नाकं मुरडलेली बाई स्वतः हजेरी घेत होती. "लक्ष्या! बुधी! सोमी!" मग जरा थांबून, "सिस्टर!" कुठल्याशा तांबड्या कोंबडीनं मान वर केली. माझ्या वेळची ती कुठली असणार, तिची लेक नाहीतर नात.

"हजर, काकू," मी म्हटलं.

काकूंनी वळून पाहिलं. हसल्या, डोळे पुसले आणि शेजारच्या दगडावर हात आपटून मला बसायची खूण केली. "थांब, एक नाव राहिलंय," म्हणाल्या आणि कुंपणाकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "गुरुजी! अहो गुरुजीऽऽ!"

कुंपणाखालून एक मोठा कोंबडा चोच वासून, धापा टाकत, डुलत डुलत आला.

"उशीर," काकू त्याला म्हणाल्या. "तोंड मिटा. पाणी प्या."