भाऊजींचा गिअरबॉक्स

आमच्या भाऊजींचा मला राग येतो. ते जाऊन तीन वर्षं झाली, तरी येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, म्हणोत बापडे.

दिनानाथ भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुंदाताईचे यजमान. बदलापूरला बेलवलीत राहायचे आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. मूलबाळ नाही. सगळी माया त्या जुन्या फियाटवर, असं मी त्यांना चिडवायची. देवधर्माचं तर वावडंच. ताई म्हणायची, शनिवारी नखं काढू नका, तेल विकत आणू नका. की हे मुद्दाम तिच्यासमोर नेलकटर घेऊन बसायचे. "शनीला माझ्या नखांचं काय करायचंय गं, उमा?" असं मलाच विचारायचे. ताई आत जाऊन भांडी आपटायची.

सत्त्याऐंशी साली ताईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण टिकलं. आणि भाऊजी बदललेच. तिची वेणी घालायला शिकले, तिला भरवायला शिकले. तिने 'ऊठ' म्हटलं की उठायचे.

आमची आई तिकडे टोकावड्याला, भावाकडे, मधूकडे होती. नव्वदीला टेकलेली, अंथरुणाला खिळलेली. ताईला एसटीत चढवणं शक्यच नव्हतं. राहता राहिली फियाट, आणि तिचा दुसरा गिअर चढावर हमखास सुटायचा. "आईला एकदा डोळे भरून बघू दे मला," एवढंच ताईने मागितलं. भाऊजींनी गाडी उल्हासनगरला धोंडिबा मिस्त्रीकडे टाकली. गिअरबॉक्स उतरवून खोलला, तर आत दाते तुटलेले. नवे गिअर, नव्या बेअरिंगा, सगळं नवं घातलं. भाऊजी रोज कारखान्यातून परस्पर तिकडे जाऊन बसायचे.

गाडी तयार झाली ती नेमकी शनिवारी. सकाळी ते निघाले तेव्हा ताई सवयीने म्हणाली, "शनिवार आहे, तेल नका हं आणू." तिच्या डोक्यात गोडंतेल. गिअरबॉक्सलाही तेल लागतं हे तिच्या गावीही नव्हतं. आणि या शहाण्याने काय करावं? मिस्त्री नवं तेल भरायला निघाला, तर म्हणे, नको, काढलेलं जुनंच घाल, सोमवारी बदलू. मिस्त्री कळवळला. "साहेब, त्यात तुटलेल्या दात्यांचे तुकडे असतील. नव्या गिअरची वाट लागेल." "अरे, घरी नेली की दोन दिवस गाडी उभीच राहणार आहे," भाऊजी म्हणाले. जन्मभर शनीची टिंगल केली आणि नेमका त्या दिवशी या माणसाने बायकोचा शब्द पाळला! अरे देवा, पाळायचा तर नखांच्या वेळी पाळायचा होता.

रविवारी सकाळीच मधूचा माणूस दारात. आईचं काही खरं नाही, आत्ताच्या आत्ता निघा. मी जवळच कात्रपला राहायची, धावत गेले. ताईला उचलून मागच्या सीटवर निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडावर तकाकी आली होती. "आई ओळखेल ना गं मला अशी?" सारखं तेच विचारत होती. बारवीच्या रस्त्याला चढ लागला. भाऊजींनी दुसरा गिअर टाकला, आत कडाडकन आवाज झाला आणि गाडी जागीच अडकली. ना पुढे जाईना, ना मागे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. उन्हात ताटकळलो, शेवटी एक ट्रक आला, तोही बदलापूरकडे जाणारा. ताईला त्यात घालून घरी परत आणली. संध्याकाळी निरोप आला, आई गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती म्हणे.

ताई रडली नाही. भाऊजींना म्हणाली, "एक गोष्ट मागितली होती. तेवढं काम नीट करून घेता आलं नाही तुम्हाला?"

"चुकलं माझं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ताईने त्यांच्या हातून भरवून घेणं सोडलं. ते रांधायचे आणि मी जाऊन भरवायची. एकदा मीही स्वयंपाकघरात त्यांना नाही नाही ते बोलले, तेव्हा खालच्या आवाजात त्यांनी मला ती तेलाची गोष्ट सांगितली.

"मग सांगा ना तिला! आत्ता जाऊन सांगा!"

"काय सांगू, उमा? तुझ्या शब्दापायी तुला आई भेटली नाही, हे सांगू? माझ्यावर रागावून जगेल ती. स्वतःवर रागावून कशी जगेल?" आणि वर मलाच गळ्याची शपथ घातली. असला हा माणूस! नसता दोष गळ्यात घेऊन बसला आणि मलाही मुकी करून टाकलं.

ताई पुढे दोन वर्षं जगली. बोलायची सगळ्यांशी, एक त्यांना सोडून. शेवटच्या दिवशी घशाला सारखी कोरड पडत होती. भाऊजींनी पाण्याचा चमचा ओठांशी नेला. तिने मान फिरवली. त्यांनी चमचा माझ्या हातात दिला आणि तिला दिसू नये म्हणून उशामागे जाऊन उभे राहिले.

मी पाणी पाजलं. मागून त्यांनी हळूच विचारलं, "प्यायली ना गं?"